साडेतीन टक्क्यांचा सारखेपणा

‘इंग्रजांनी कर घेतला, आता आपले सरकार घेते, फरक काय?’ भोसरीच्या वर्कशॉपमध्ये हे वाक्य वरचेवर ऐकू येते. शिकलेली माणसे पुढचे सांगतात : १८९६ चा कापडावरचा कर विलायती आणि देशी मालावर सारखाच होता, ओरड गिरणीमालकांची होती, लोक उगाच त्यांच्यामागे धावले. मला ही दोन्ही मते साफ चुकीची वाटतात.

दुसरे आधी घेऊ. १८९४ मध्ये तिजोरी भरण्यासाठी परदेशी कापडावर ५ टक्के जकात बसली. विलायतेतल्या कापडगिरण्यांच्या लँकेशायरने आकांडतांडव केले. १८९६ मध्ये ती साडेतीन टक्क्यांवर आली आणि तेवढाच अबकारी कर इथल्या गिरण्यांच्या कापडावर लादला गेला. कागदावर चोख न्याय! पण मँचेस्टरचा माल मुख्यतः तलम, आपल्या गिरण्यांचा जाडाभरडा. ज्या जाड्याभरड्या कापडात लँकेशायरची स्पर्धा जवळजवळ नव्हतीच, तेही करात ओढले गेले. म्हणजे तलम नेसणाऱ्याला दीड टक्क्याची सूट आणि कुणब्याच्या धोतरावर नवा कर. हे ठरले कुठे? कौन्सिलातल्या सरकारी सभासदांना लंडनमधल्या भारतमंत्र्याच्या हुकमाप्रमाणे मत द्यावे लागे. कर भरणाऱ्याला विचारतो कोण!

गिरणीमालकांचा स्वार्थ होताच. वंगभंगानंतर त्यांनी धोतरांचे भाव चढवले, हे विसरून चालणार नाही. पण चीड त्यांच्यापुरती नव्हती. १८९६ मध्येच पुण्याच्या विद्यार्थ्यांनी विलायती कापडाची होळी केली, १९०५ च्या गाजलेल्या होळीच्या नऊ वर्षे आधी. आणि चाकणच्या शेजारचे तळेगाव दाभाडे पाहा. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड जमवला, त्यातून १९०८ मध्ये तिथे काचकारखाना उभा राहिला. त्या काचेचा कापडगिरण्यांच्या नफ्याशी काडीचा संबंध नव्हता. पैसा देणाऱ्याला लाभांशही मिळणार नव्हता.

आता ‘फरक काय’ याचे उत्तर. चाकणला मर्सिडीजचे सुटे भाग पेट्यांतून येतात आणि गाडी इथे जोडली जाते. तयार गाडी बंदरात उतरवली तर कर कितीतरी जास्त पडतो. म्हणूनच तर जोडणी इथे होते. १८९६ चा कर देशात माल काढणाऱ्यावर होता, हा कर देशात माल काढायला भाग पाडतो. २०२४ मध्ये सीमाशुल्क खात्याने स्कोडा-फोक्सवॅगनला सुट्या भागांच्या वर्गवारीवरून सुमारे १४० कोटी डॉलरची नोटीस दिली, तेव्हा कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. परदेशी कंपनीलाही इथे दाद मागता येते. १८९६ च्या विणकामगाराला कोणते दार होते?

वर्कशॉपवाल्याचे दुखणे मात्र खरे आहे. मोठी कंपनी त्याचे बिल तीन-तीन महिने लटकवते. जीएसटी मात्र पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरावा लागतो, हातात न आलेल्या पैशावर. हा अन्यायच आहे, आणि तो ‘इंग्रजी जुलूम’ म्हणून उसासे टाकण्याने सुटणार नाही. जीएसटी परिषदेत महाराष्ट्राला मत आहे. भोसरी आणि चाकण एकाच शिरूर लोकसभा मतदारसंघात आहेत. लघुउद्योजकांनी लटकलेली बिले आणि भरलेली चलने घेऊन खासदाराच्या व राज्याच्या अर्थमंत्र्याच्या दारात बसावे, आणि पैसे हाती आल्यावरच कर भरण्याची मुभा लेखी मागावी.