विश्लेषण : कंपनी एक, राज्ये अनेक, नफ्यावरच्या कराची वाटणी कशी होते?

कारखाना एका राज्यात, गोदाम दुसऱ्यात आणि ग्राहक देशभर. अशा कंपनीचा नफा नेमका कोणत्या राज्याचा? अमेरिकेत हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. तिथे केंद्राबरोबरच ४४ राज्येही कंपन्यांच्या नफ्यावर स्वतःचा कर लावतात. वाटणीचे सूत्र मात्र प्रत्येक राज्य आपल्या सोयीने ठरवते. त्यामुळे काही नफ्यावर दोनदा कर बसतो, तर काही नफा कुणाच्याच हाती लागत नाही.

मूळ सूत्र काय होते?

राज्यांच्या कायद्यांत एकवाक्यता यावी म्हणून १९५७ मध्ये नमुना कायदा तयार झाला. त्यात तीन निकष होते : मालमत्ता, कर्मचाऱ्यांचे वेतन आणि विक्री. कंपनीच्या एकूण व्यवसायापैकी राज्यात यांचे प्रमाण किती, याची सरासरी काढायची आणि तेवढ्या नफ्यावर कर घ्यायचा.

समजा, एका कंपनीचा नफा १०० डॉलर आहे. ‘अ’ राज्यात तिची ६० टक्के मालमत्ता, ७० टक्के वेतनखर्च आणि २० टक्के विक्री आहे. सरासरी ५० टक्के. म्हणजे ‘अ’च्या वाट्याला ५० डॉलर. उरलेला सगळा व्यवसाय ‘ब’ राज्यात, त्यामुळे त्यालाही ५०. हिशेब जुळला.

मग बिघडले कुठे?

या सूत्रात कारखाना उभारला, नोकऱ्या दिल्या की त्या राज्यातला कर वाढतो. गुंतवणूक खेचू पाहणाऱ्या राज्यांना हे परवडेना. आयोवा राज्य आधीपासूनच फक्त विक्रीचा निकष वापरत होते. शेजारच्या इलिनॉयमधील मूरमन या पशुखाद्य कंपनीने त्याला आव्हान दिले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोवाच्या बाजूने कौल दिला. एकच सूत्र सर्वांवर लादणे हे न्यायालयाचे नव्हे, काँग्रेसचे म्हणजे तिथल्या संसदेचे काम, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. पुढे राज्यांची त्या दिशेने रीघ लागली. कॅलिफोर्नियाने २०१३ पासून बहुतेक कंपन्यांना हेच सूत्र सक्तीचे केले.

नफा गायब कसा होतो?

वरच्या उदाहरणात ‘अ’ने विक्रीचे सूत्र स्वीकारले आणि ‘ब’ जुन्यावर राहिले, तर कर बसेल २० अधिक ५०, म्हणजे ७० डॉलरवर. ३० डॉलर सुटले. उलट झाले तर ५० अधिक ८०, म्हणजे १३० डॉलरवर कर! त्यात १९५९ चा एक केंद्रीय कायदा असा की, राज्यात फक्त मालाच्या ऑर्डर गोळा करणाऱ्या आणि बाहेरून माल पाठवणाऱ्या कंपनीवर ते राज्य नफ्याचा कर लावू शकत नाही. अशी विक्री मूळ राज्याच्या खात्यात परत धरण्याचा नियम काही राज्यांत आहे, सर्वत्र नाही.

तोटा कुणाचा?

मोठ्या कंपन्या सल्लागार नेमून या फटींचा फायदा घेऊ शकतात. एकाच राज्यात धंदा करणाऱ्या छोट्या उद्योजकाला ती सोय नाही. त्याच्या पूर्ण नफ्यावर कर बसतो. प्रत्येक राज्याचा निर्णय स्वतःपुरता शहाणपणाचा दिसतो, पण सगळ्यांचा मिळून परिणाम अन्यायाचा होतो. सूत्र कोणते, यापेक्षा ते सर्वत्र एकच असणे महत्त्वाचे आहे आणि तो अधिकार असूनही काँग्रेसने आजवर तो वापरलेला नाही.

भारतात काय?

आपल्याकडे कंपनी कर केंद्र गोळा करते आणि वित्त आयोगाच्या सूत्राने राज्यांना वाटा देते. त्यामुळे अशी फट राहत नाही, पण वाद राहतोच. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या एकत्रित हिश्शातील ६.३१७ टक्के महाराष्ट्राला, तर १७.९३९ टक्के उत्तर प्रदेशला दिले. ‘कर आम्ही भरतो’ ही महाराष्ट्राची तक्रार त्यातूनच येते. मात्र मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनीचा कर मुंबईच्या नावावर दिसला, तरी तिचा नफा देशभरच्या कारखान्यांतून आणि ग्राहकांकडून आलेला असतो. कर कुठे भरला आणि नफा कुठे झाला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाट्यावर जरूर भांडावे, पण हा फरक ध्यानात ठेवून.