कमवत्या हातांची पदवी

वसतिगृहाचा निरोप घेणाऱ्या आपल्या बहुतेक मुलामुलींपुढे बारावीनंतर एकच प्रश्न उभा राहतो : घराला हातभार लावायचा की पुढे शिकायचे? आईवडिलांची मजुरी, धाकट्या भावंडांचा खर्च आणि डोक्यावरचे कर्ज यांपुढे पदवीचा विचार मागे पडतो. मग कोणी कारखान्यात कंत्राटी कामावर लागतो, कोणी दुकानात हिशेब लिहितो. चार-पाच वर्षांनी बढतीची संधी येते, स्पर्धा परीक्षेची जाहिरात निघते, आणि तेथे पदवीची अट आडवी येते.

अशांसाठी नोकरी न सोडता ऑनलाइन पदवी घेण्याचा मार्ग आम्हाला मोलाचा वाटतो. ‘घरबसल्या मिळालेली ती कसली पदवी?’ असे विचारणारे आपल्यातही आहेत. त्यांना आम्ही आपल्याच परंपरेचे स्मरण करून देऊ इच्छितो. दिवसभर राबणाऱ्यांसाठी जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये रात्रशाळा काढली. बाबासाहेबांनी १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी पत्करली, पगारातून पुंजी साठवली आणि १९२० मध्ये अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडन गाठले. १९४६ मध्ये मुंबईत त्यांच्या पुढाकाराने सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा नोकरदार विद्यार्थ्यांना सोयीचे व्हावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ याच वाटेवरचे. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ अथवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगानेही सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

तथापि, प्रवेश सुलभ असला तरी पदवी सुलभ नाही. या पद्धतीत एका श्रेयांकासाठी ३० तासांचा अभ्यास गृहीत धरला जातो. तीन वर्षांची पदवी १२० श्रेयांकांची धरली, तर ३,६०० तास होतात. म्हणजे तीन वर्षे, सुटीचे दिवस धरून, दररोज सव्वातीन तास. आठ तासांची पाळी, दोन तासांचा प्रवास आणि घरची कामे उरकल्यावर हे तास कोठून आणायचे? शिकणाऱ्याची जिद्द कितीही मोठी असली, तरी एका खोलीत सहा माणसे राहत असतील आणि दूरदर्शन संच रात्री अकरापर्यंत चालू असेल, तर पुस्तक मिटलेलेच राहते. नोकरी करणाऱ्या लेकी-सुनांच्या वाट्याला तर कामावरून परतल्यावर चूलही असते.

दुसरा धोका फसवणुकीचा. ‘परीक्षेची काळजी नको, एका वर्षात पदवी’ असे सांगणारे दलाल गरजवंतालाच गाठतात. म्हणून फी भरण्यापूर्वी, त्या विद्यापीठाला त्याच अभ्यासक्रमासाठी आणि त्याच सत्रासाठी मान्यता आहे का, हे आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर पाहावे. अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, कायदा यांच्या पदव्या या मार्गाने देण्यास परवानगी नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्या समाजात पदवीधराचा सत्कार मोठ्या हौसेने होतो. त्या शालीचे आम्हाला कौतुकच आहे; परंतु खरी मदत त्याच्या तीन वर्षे आधी लागते. पालकांनी कमावत्या मुलाला, त्याहून अधिक कमावत्या मुलीला, रोजचे दोन-तीन तास निर्वेध द्यावेत. जे माजी विद्यार्थी आज अधिकारी वा उद्योजक आहेत, त्यांनी आपल्या हाताखालच्या शिकणाऱ्यांना परीक्षेच्या काळात रजा द्यावी. ज्यांना जमेल त्यांनी प्रवेशाचे अर्ज तपासून देण्यासाठी महिन्यातील एक दिवस काढावा. आणि आपल्या विद्यालयाने अभ्यासिकेचे दार रविवारी बाहेर पडलेल्यांसाठीही उघडे ठेवावे, अशी आमची विनंती आहे. एक शांत खोली, चार टेबले, दिवा आणि इंटरनेटची जोडणी, एवढ्यावर कितीतरी अर्धवट राहिलेल्या पदव्या पूर्ण होतील.

याच छपराखाली ज्यांना अभ्यासाची सवय लागली, त्यांना पोटासाठी ती सोडावी लागू नये, एवढेच आमचे मागणे आहे.