आठ कलांचा फरक

धर्म आणि विज्ञान यांचे हाडवैर आहे, असे पुष्कळांस वाटते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते या मताचा पुरस्कार केल्याबद्दल १६३३ साली रोमच्या धर्मन्यायालयाने गॅलिलिओला शिक्षा ठोठावली, हा दाखला त्यासाठी नेहमी दिला जातो. दाखला खरा आहे. परंतु तेवढ्यावरून श्रद्धा ही शोधाची शत्रूच असते, असे म्हणणे उतावळेपणाचे होईल.

जर्मनीत १५७१ साली जन्मलेला योहानेस केप्लर धर्मोपदेशक व्हावयाचा होता. ट्यूबिंगेनच्या विद्यापीठात त्याने धर्मशास्त्राचे अध्ययनही केले. पुढे १५९४ साली तो गणिताचा शिक्षक झाला, तरी त्याची श्रद्धा ढळली नाही. विश्व ईश्वराने निर्मिले आहे, त्या अर्थी त्याच्या रचनेत नियम असलाच पाहिजे, आणि तो ओळखण्यासाठीच माणसाला बुद्धी लाभली आहे, असे तो मानी. या विश्वासानेच तो ग्रहगतीचे कोडे सोडविण्यास प्रवृत्त झाला.

टायको ब्राहे याने दुर्बिणीवाचून वर्षानुवर्षे केलेली मंगळाची निरीक्षणे त्याच्या हाती आली. वर्तुळ ही परिपूर्ण आकृती, म्हणून ग्रहांची गती वर्तुळाकारच असणार, अशी प्राचीन काळापासूनची समजूत होती. केप्लरनेही प्रथम वर्तुळ धरूनच गणित मांडले. ते जवळजवळ जुळले. फरक उरला अवघा आठ कलांचा. अंशाच्या साठाव्या भागास कला म्हणतात. आठ कला म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीचा सुमारे चौथा हिस्सा. दुसरा कोणी एवढ्यावर समाधान पावला असता. केप्लरने मात्र कष्टाने केलेले ते गणित बाजूला सारले. ब्राहेसारखा काटेकोर निरीक्षक ही ईश्वराची देणगी आहे, तिचा अव्हेर करणे योग्य नव्हे, अशी त्याची भावना होती. अखेर मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, हे त्याला उमगले. १६०९ साली त्याने हा शोध प्रसिद्ध केला.

येथे श्रद्धेने केप्लरला उमेद दिली, चिकाटी दिली; उत्तर मात्र दिले नाही. उत्तर निरीक्षणांतून आले आणि त्याने ते नम्रपणे स्वीकारले. गॅलिलिओ स्वतःही श्रद्धाळू ख्रिस्तीच होता. परंतु त्याच्या न्यायाधीशांनी उत्तर आधीच ठरवून ठेवले होते. श्रद्धा शोधाच्या आड येते ती अशा वेळी. जी श्रद्धा प्रश्नाला भीत नाही आणि आठ कलांचा फरकही झाकून ठेवीत नाही, तिचे विज्ञानाशी वैर असण्याचे कारण नाही.