खटपट कीबोर्डची : बारा ते अठरा



मागच्या खेपेला पासवर्डांबद्दल लिहिलं, तर आपल्या समाजातल्याच एका कॉलेजकुमाराचा निरोप आला, "काका, उपदेश पुरे, आता जरा खरं प्रोग्रामिंग लिहा." ठीक आहे. आज खरं प्रोग्रामिंग. आणि त्यात माझीच झालेली फजिती.

डिसेंबरात बडोद्याला लग्न होतं. परतीच्या गाडीत आई, मी आणि माझी पुतणी. पुतणी इंदूरला कॉम्प्युटर शिकते. तिला प्रोजेक्ट म्हणून एक छोटासा 'लाइन एडिटर' लिहायचा होता. म्हणजे असा एडिटर की ज्यात माऊस नाही, कर्सर इकडून तिकडे पळत नाही. तुम्ही फक्त ओळीचा नंबर सांगायचा आणि काय करायचं त्याचं एक अक्षर. "पाचव्या ओळीनंतर हे घाल", "तीन ते सहा काढ". आजच्या मुलांना हे आदिमानवाचं हत्यार वाटेल, पण मूळ तेच आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९६९ साली केन थॉम्पसननं युनिक्ससाठी 'एड' नावाचा एडिटर लिहिला तो असाच. तेव्हा पडदाच नव्हता, कागदाच्या गुंडाळीवर खटखट छापणारा टेलिटाइप होता. प्रत्येक अक्षर छापायला वेळ लागायचा, म्हणून हुकूम एका अक्षराचे, आणि तुमचं काही चुकलं तर एड फक्त एक प्रश्नचिन्ह छापायचा. काय चुकलं ते तुम्ही शोधा! (आमचे गणिताचे मास्तर वहीत असंच करायचे.) पुढे बर्कलीला बिल जॉयनं 'व्हीआय' लिहिला, १९९१ साली ब्राम मूलेनारनं 'व्हिम' आणला. त्यांच्यात कोलन दाबून जे हुकूम देतात, ते घराणं एडचंच.

आता आईची गोष्ट. आमच्या घरी भाद्रपदात तीन दिवस महालक्ष्म्या बसतात. धारच्या वाड्यात हे सगळं माझी आजी बघायची. तिचं कसं, काय, कधी हे कुठे लिहिलेलं नाही, सगळं आईच्या डोक्यात. दाहोद मागे पडलं तेव्हा आई म्हणाली, "आता माझ्यानंतर कोण सांगणार तुम्हाला?" पुतणीनं लॅपटॉप मांडीवर घेतला. "आजी, तू सांग, मी माझ्याच एडिटरमध्ये लिहिते. टेस्टिंगपण होईल." झाबुआ येईपर्यंत सव्वीस ओळी झाल्या. आवाहन, मुखवटे, कोणत्या दिवशी काय, सोळा भाज्यांत काय चालतं आणि काय नाही.

मध्येच तिचा 'आय' हुकूम बिघडला. एडमध्ये 'ए' म्हणजे अमुक ओळीच्या नंतर घाल, 'आय' म्हणजे आधी घाल, 'सी' म्हणजे या ओळी काढून त्यांच्या जागी नव्या घाल. मजकूर संपला की एका ओळीवर नुसता एक ठिपका द्यायचा. (ईमेल पाठवताना सर्व्हर एकमेकांशी बोलतात तेव्हाही पत्र असंच एकट्या ठिपक्यानं संपतं.) पुतणीनं तिन्ही हुकूम वेगवेगळे लिहिले होते आणि तिन्हींत वेगवेगळ्या चुका होत्या. मी गाडी चालवता चालवता ज्ञान पाजळलं.

म्हटलं, अगं, खरा हुकूम एकच, 'ए'. पाचव्या ओळीच्या आधी म्हणजे चौथ्या ओळीच्या नंतर. मग 'आय' वेगळा कशाला लिहितेस? एक वजा कर आणि 'ए'ला बोलाव. पहिल्या ओळीच्या आधी घालायचं तर शून्याव्या ओळीनंतर. शून्यावी ओळ नसते, पण तिच्या नंतरची जागा असते. आणि 'सी'? काढ, मग घाल. कर्निघन आणि प्लॉगर यांच्या 'सॉफ्टवेअर टूल्स इन पास्कल' या १९८१च्या पुस्तकात एडसारखाच एडिटर पायरीपायरीनं बांधून दाखवला आहे, त्यात हेच आहे. त्यात एक गंमतही आहे. नवीन ओळ आधी सगळ्यात शेवटी ठेवतात आणि मग उचलून तिच्या जागी नेतात. उचलून नेणं कसं, तर तीन वेळा उलटं करून. दोन शेजारचे गठ्ठे घ्या, पहिला उलटा करा, दुसरा उलटा करा, मग दोन्ही मिळून उलटं करा. गठ्ठ्यांची अदलाबदल होते आणि आतला क्रम जसाच्या तसा राहतो. पत्त्यांवर करून बघा. मी पंचवीस वर्षं या धंद्यात आहे, तरी मला ते दर वेळी जादूसारखं वाटतं.

पुतणीनं केलं, पण 'सी'मध्ये अजून एक खोड निघाली. ओळी काढल्यावर 'चालू ओळ' कोणती? काढलेल्यांच्या नंतरची. तिनं नवा मजकूर त्या चालू ओळीनंतर घातला. म्हणजे एक ओळ खाली सरकून. कॉलेजात तिला हे दिसलं नव्हतं, कारण तिनं नेहमी फाइलच्या शेवटच्या ओळींवर तपासलं होतं. शेवटच्या ओळी काढल्या की नंतर काहीच उरत नाही, चालू ओळ आपोआप आधीची होते आणि उत्तर बरोबर येतं. मुलांनो, तपासताना नेहमी मधोमध तपासा.

मराठीचं काय होतं, हा तिचा प्रश्न मात्र चांगला होता. 'क्षि' आपल्याला एक अक्षर दिसतं. आत चार चिन्हं असतात: क, हलन्त, ष आणि वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन, म्हणजे बारा बाइट. अक्षरं मोजणारा, अक्षरं कापणारा एडिटर इथे हमखास घसरतो. पण ओळींचा एडिटर सुखी. त्याला फक्त ओळ कुठे संपते तेवढं कळायला हवं, आणि ओळ तोडणारा बाइट यूटीएफ-८ मध्ये कुठल्याही मराठी अक्षराच्या पोटात येत नाही.

राजगड आलं. आई म्हणाली, मोहनखेड्याला थांबू या. धारचा माणूस बडोद्याच्या रस्त्यानं जातो-येतो तेव्हा मोहनखेडा लागतंच. जैनांचं मोठं तीर्थ आहे, धर्मशाळा स्वच्छ, आणि दमलेल्या माणसाला कोणी विचारत नाही की तू कोण. आईला दर्शन घ्यायचं होतं, मला पाठ टेकायची होती. भोजनशाळा सूर्यास्ताच्या आत आटपते, डिसेंबरात म्हणजे फार लवकर. मी खालून हाक मारली, "चल गं, बंद होईल!"

वर खोलीत पुतणी बारा ते अठरा या ओळी पुन्हा लिहायला बसली होती. मधल्या दिवसाचा नैवेद्य. आईनं नंतर दोन दुरुस्त्या सांगितल्या होत्या, म्हणून तिनं 'बारा, अठरा, सी' असा हुकूम दिला. तेवढ्यात माझी हाक. तिनं ठिपका दिला, सवयीनं फाइल सेव्ह केली, एडिटर बंद केला आणि जिना उतरली.

जेवून वर आलो. तिनं फाइल उघडली. एडिटरनं सांगितलं: एकोणीस ओळी.

ती काही बोलली नाही, मला नुसतं दाखवलं. माझ्या लगेच लक्षात आलं, कारण कृती माझीच होती. काढ, मग घाल. काढलं. घालायला काही आलंच नाही. एडच्या नियमानं यात चूकही नाही; रिकाम्या मजकुरानं बदलणं म्हणजे नुसतं काढणं. एडला 'यू' हा हुकूम असतो, शेवटचा हुकूम उलटवणारा. तिनं तो अजून लिहिलाच नव्हता, आणि असता तरी एडिटर बंद केल्यावर त्याचा उपयोग नसतो. दुसरी प्रत? मी, जो तुम्हाला दर दोन महिन्यांनी बॅकअपवर लिहितो, त्यानं गाडीत एकदाही म्हटलं नाही की एक प्रत ठेव.

आईला सांगायचं कसं, म्हणून आम्ही दोघं व्हरांड्यात बसलो. मी वेळ काढायला तिला पोथ्यांचं सांगत होतो. जुने लेखक पोथी लिहिताना शब्द राहिला तर ओळीत कावळ्याच्या पायासारखी खूण करत, तिला काकपद म्हणतात, आणि राहिलेला शब्द समासात लिहीत. कधी कधी त्याच्यापुढे आकडाही घालत, कितव्या ओळीत तो जायचा ते कळावं म्हणून. म्हणजे हा 'ए' हुकूमच, ओळीच्या नंबरासकट! आणि चुकलं तर त्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप देत, वाळला की वर नवीन लिहीत. आपण 'हरताळ फासला' म्हणतो तो हा हरताळ, बंदवाला वेगळा. त्या लेखकाला चुकीचं झाकून बरोबर लिहायला विसरता येत नसे, पिवळा डाग डोळ्यांसमोर असायचा. आमच्या फाइलमध्ये अकराव्या ओळीला आता पूर्वीची एकोणिसावी चिकटून बसली होती, मध्ये डागसुद्धा नाही.

ज्यांच्यामुळे मोहनखेडा प्रसिद्ध आहे त्या राजेंद्रसूरींनी 'अभिधान राजेंद्र कोश' रचला, प्राकृत शब्दांचा, सात जाडजूड खंड. १९०६ साली ते गेले, कोश त्यानंतर रतलामला छापला गेला. कोश म्हणजे तर घालण्याचंच काम. वर्षानुवर्षं शब्द सापडत राहतात आणि प्रत्येक शब्दाची जागा आधीच्या दोन शब्दांच्या मध्ये असते. पुतणी म्हणाली, "आणि त्यांच्याकडे एक वजा करायलापण काही नव्हतं."

तिनं तिथेच 'सी' बदलला. आता आधी नवा मजकूर वेगळा गोळा करायचा. तो रिकामा असेल तर विचारायचं, "खरंच काढू?" आणि हो म्हटलं तरच हात लावायचा. पायथॉनमध्ये यादीचा एक तुकडा दुसऱ्या तुकड्यानं एका झटक्यात बदलता येतो. बारा ते अठरा म्हणजे पायथॉनच्या हिशोबात अकरापासून अठराच्या अलीकडेपर्यंत, कारण तो शून्यापासून मोजतो. काढणं आणि घालणं यांच्या मध्ये कोणी हाक मारू शकेल अशी फटच राहत नाही. शिवाय सेव्ह करताना जुनी फाइल दुसऱ्या नावानं बाजूला. पुस्तकातली कृती शिकण्यासाठी उत्तम आहे, अजूनही म्हणेन; पण मी ती जशीच्या तशी पुढे सरकवली, स्वतः विचार न करता.

मग आईला सांगितलं. ती रागावली नाही. "हात्तिच्या, मी आहे ना अजून," म्हणाली आणि पुन्हा सांगायला लागली. पुरण, आंबील, भाज्या. पण या वेळी वेगळं आलं. गाडीत तिनं यादी सांगितली होती, आता ती थांबून थांबून सांगत होती. सात ओळींच्या नऊ झाल्या. पुतणीनं वाचून दाखवल्या. आई बराच वेळ गप्प होती.

मग म्हणाली, "एक राहिलं. आजोबा गेले त्या वर्षापासून सासूबाई नैवेद्याच्या वेळी स्वयंपाकघरात येईनाशा झाल्या. मागच्या खोलीत बसून सांगायच्या, मी करायची. या या, असं मी एकदाही म्हटलं नाही. लोक काय म्हणतील म्हणून. वीस वर्षं. आता तुमच्यात जी कोणी करेल तिनं घरात जी बाई असेल तिला ओट्याशी बोलवायचं. नवरा असो नसो. हे लिही."

पुतणीनं विचारलं, "कुठे घालू, आजी? शेवटी?"

"शेवटी कोण वाचतं? नैवेद्याच्या आधी."

पुतणीनं 'बारा, आय' दिलं, आईचे शब्द जसेच्या तसे लिहिले, ठिपका दिला, सेव्ह केलं. एडिटरनं सांगितलं: एकोणतीस ओळी. मग तिनं फाइल मला पाठवली, तिच्या बाबांना पाठवली आणि स्वतःलाही ईमेल केली.