आधी विचारायचं असतं!

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा पुण्याहून आला होता. जाताना एक इंग्रजी पुस्तक आमच्याकडेच विसरून गेला. 'एंडर्स गेम', लेखक ऑर्सन स्कॉट कार्ड. माझी लेक नववीत आहे, सेमी इंग्रजीची. म्हटलं राहू दे, पुढच्या वेळी नेईल तो. पण तिने डिक्शनरी शेजारी घेतली आणि अकरा दिवसांत पुस्तक संपवलं.

"कसलं आहे गं?" मेथी निवडता निवडता मी विचारलं.

"युद्धाचं. अंतराळातल्या."

"मुलींना काय करायचंय युद्ध वाचून?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"आई, तू वाच तर! त्यात युद्ध कमी आणि आपल्या घरातलंच जास्त आहे."

मग रोज संध्याकाळी ती मला थोडी थोडी गोष्ट सांगायची. नंतर मीही वाचलं, अडलं तिथे तिला विचारत. शेवट सांगितल्याशिवाय मला माझं म्हणणं मांडता येणार नाही, तेव्हा मैत्रिणींनो, माफ करा.

ही कादंबरी १९८५ सालची, अमेरिकेतली. तिला विज्ञानकथांचे नेब्युला आणि ह्युगो हे दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले आणि २०१३ मध्ये तिच्यावर सिनेमाही आला. गोष्ट अशी की, कीटकांसारख्या परग्रहवासीयांनी पृथ्वीवर दोनदा हल्ला केला आहे. पुढच्या युद्धासाठी सेनापती हवा, म्हणून हुशार मुलं लहानपणीच हेरून अंतराळातल्या युद्धशाळेत नेतात. एंडर अवघा सहा वर्षांचा. घरटी दोनच मुलांची परवानगी असताना सरकारने खास मंजुरी दिलेला तिसरा. भाऊ फार क्रूर, बहीण फार मायाळू, म्हणून दोघंही सैन्याच्या कामाची नाहीत. मधलं कोणीतरी हवं, तो हा!

शाळेत वजनरहित खोलीत मुलांच्या फौजा लुटुपुटूच्या लढाया लढतात. गुणफलकावर रोज क्रमांक लागतात. जातानाच यानात तिथला अधिकारी सगळ्यांसमोर म्हणतो, अक्कल आहे ती या एकट्याला. झालं! बाकीची मुलं त्याचा राग करू लागतात. अधिकाऱ्याला तेच हवं असतं. एकटा पडला की कोणाच्या मदतीची वाट बघणार नाही.

"आमच्या वर्गात सर एकाच मुलीचं कौतुक करतात ना, मग मधल्या सुट्टीत तिच्याशी कोणी बोलत नाही. सेम तस्संच," लेक म्हणाली.

शेवटी शेवटी एंडर यंत्रासमोर बसून युद्धाचा सराव करतो. समोर दिसणारी जहाजं खोटी, असं त्याला सांगितलेलं. अखेरच्या परीक्षेत वैतागून तो शत्रूचा अख्खा ग्रहच उडवून टाकतो. वाटतं, आता तरी नापास करून घरी पाठवतील. पण मागे उभी मोठी माणसं आनंदाने रडत असतात. कारण तो सराव नव्हताच. जहाजं खरी होती, त्यात मेलेली माणसं खरी होती. कितीतरी दिवस तो खरं युद्ध खेळत होता आणि त्याला ते कोणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा त्याचं वय अकराच्या आसपास. पुढे कळतं, त्या परग्रहवासीयांना आपली चूक उमगली होती, ते पुन्हा येणारच नव्हते.

मी मोठ्या माणसांची बाजू घेतली. म्हटलं, "अगं, खरं सांगितलं असतं तर त्या पोराचा हात थरथरला असता. सगळी पृथ्वी पणाला लागलेली. त्यांचाही नाइलाज होता."

ती म्हणाली, "नाइलाज नाही गं आई. त्याला विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता. हे त्यांना माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाही."

मी गप्प. पण ती गप्प बसणारी नव्हती. "तू पण तेच केलंस ना, मेमध्ये?"

मेमध्ये मी तिला जिल्ह्याच्या गावी एका क्लासमध्ये पेपर द्यायला नेलं होतं. "सहज देऊन बघ, सरावासाठी," असं म्हणून. प्रत्यक्षात ती दहावीनंतरच्या हॉस्टेलच्या बॅचची निवड परीक्षा होती. तिचं नाव लागलं, आम्ही ॲडव्हान्स भरला आणि मग पेढे देताना तिला सांगितलं. तेव्हा ती काहीच बोलली नाही. मला वाटलं, खूष आहे.

तिच्या भल्यासाठीच केलं होतं मी. पण त्या पुस्तकातला अधिकारीही अख्खं पुस्तकभर हेच म्हणतो.

पुस्तकातलं सगळंच तिला आवडलं असं नाही. युद्धशाळेत मुली अगदी थोड्या. का, तर कित्येक शतकांची उत्क्रांती त्यांच्या विरुद्ध आहे, असं तो अधिकारी सांगतो. यावर ती भडकली. पेट्रा नावाची एक पटाईत मुलगी आहे, एंडरला नेम धरायला शिकवणारी. पण शेवटच्या लढायांत थकून सगळ्यात आधी कोसळते तीच. "तीच का? लेखकाला दुसरं कोणी दिसलं नाही?" तिचं बरोबर आहे.

मला मात्र एंडरची बहीण, व्हॅलेंटाईन, जास्त लागली. एंडर दमून हात टेकतो, तेव्हा सैन्याचे लोक तिला गाठतात. तुझ्यावर त्याचा जीव आहे, तूच त्याला समजाव. आणि ती समजावते! बायकांनो, हे काम आपल्याला नवं आहे का? मुलाने सायन्स नको म्हटलं, मुलीने स्थळ नाकारलं, की सगळे आपल्याकडेच वळतात. "तू बोल तिच्याशी, तुझं ऐकते ती." आपल्या मायेवर दुसऱ्यांचे निर्णय गळी उतरवले जातात. आणि एंडरच्या आईला तर तेवढाही मान नाही. तिची संमती त्याच्या जन्माआधीच सही करून घेतलेली.

हे पुस्तक अमेरिकेच्या मरीन सैनिकांच्या वाचनयादीत होतं म्हणे, नेतृत्व शिकायला. दुसरीकडे, हुशार मुलांचं समुपदेशन करणाऱ्या एका बाईंनी लेखकाला कळवलं होतं की मुलं असं बोलत नाहीत, असा विचार करत नाहीत. लेखकाने १९९१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत हे सांगून म्हटलं आहे की मुलं स्वतःला पूर्ण माणूसच समजतात. माझं मत लेखकाच्या बाजूने. मुलं असा विचार करतात. आपल्यासमोर बोलत नाहीत, एवढंच.

म्हणून माझं सांगणं इतकंच, की मुलांच्या हातात असली पुस्तकं दिसली तर 'अभ्यासाचं वाच' म्हणून काढून घेऊ नका. कधीतरी आपणही वाचा. जे ती तोंडाने सांगत नाहीत, ते तिथे सापडतं.

त्या रात्री मी लेकीला विचारलं, "हॉस्टेलला जायचंय का तुला? नाही म्हणालीस तरी चालेल."

"ॲडव्हान्स?"

"गेला तर गेला."

ती बराच वेळ पांघरुणाच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "आत्ता नाही सांगत. विचार करू दे."

दोन महिने झाले. तिने अजून सांगितलेलं नाही. तिचे बाबा रोज म्हणतात, तू जरा समजाव तिला. मी नाही समजावत.