आठवणींना भाड्याची खोली

मुंबईत जुन्या इमारतींचा पुनर्विकास ही आता नित्याची बाब झाली आहे. वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांची सदनिका, हे स्थित्यंतर निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु जुने घर सोडल्यापासून नवे हाती येईपर्यंत जी वर्षे जातात, त्या काळात घरातील जाते, तांब्याचा बंब, आजीची पत्र्याची ट्रंक यांनी कोठे राहावयाचे, याचा विचार क्वचितच होतो.

अशा कुटुंबांसाठी शहरांतून दरमहा भाड्याने मिळणाऱ्या साठवणुकीच्या खोल्या, म्हणजेच ‘सेल्फ स्टोरेज’, ही एक सोय झाली आहे. ती निवडताना बहुधा केवळ दर पाहिला जातो. वस्तुतः पाहावयास हवी ती हवा आणि पाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहरातील असंख्य तळमजल्यांवरचे संसार पाण्यात गेले. तळमजल्यावरील खोली सामान नेण्या-आणण्यास सोयीची खरी. पण छायाचित्रे, पत्रे आणि लुगडी यांना ती मानवणारी नव्हे. पावसाळ्यातील दमट हवेत घट्ट प्लास्टिकमध्ये बांधलेल्या कापडाला बुरशी धरते. त्याला सुती फडकेच बरे. वाळवीचा बंदोबस्त, वायुवीजन आणि जिन्याची किंवा उद्वाहनाची सोय प्रत्यक्ष पाहिल्यावाचून पैसे भरू नयेत.

करारपत्रही नीट वाचावे. दुसऱ्याच्या ताब्यात दिलेल्या मालाची सामान्य विवेकी माणसाप्रमाणे काळजी घेण्याचे बंधन १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १५१ ने घातले आहे. परंतु कुलूप ग्राहकाचे आणि किल्लीही त्याच्याच खिशात, अशा व्यवस्थेत ‘आम्ही केवळ जागा दिली’ असे म्हणण्यास मालक मोकळा राहू शकतो. भाडे थकल्यास सामानाचे काय होणार, हेही आधीच विचारावे. विमा बाजारभाव देईल. वडिलांच्या हस्ताक्षराला मात्र बाजारभाव नसतो.

याहून महत्त्वाचा प्रश्न खोलीच्या निवडीचा नसून वस्तूंच्या निवडीचा आहे. जी वस्तू सर्वांत जिव्हाळ्याची, ती गोदामात ठेवूच नये. पुनर्विकास लांबतो आणि वार्धक्य थांबत नाही. ज्या आजीला आपल्या पितळी डब्याची सवय आहे, तिला तो नव्या घरी मिळेल असे सांगणे म्हणजे कदाचित तो कधीच न देणे होय. असा डबा भाड्याच्या घरात, जागेची कितीही अडचण असली तरी, तिच्यासोबतच जावा. खोलीत ठेवावे ते नव्या घरात ज्याची जागा निश्चित आहे तेवढेच. उरलेले निरोप घेऊन देऊन टाकावे.

देणे म्हणजे विस्मरण नव्हे. पुण्याचे दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, भांडी अशा साध्या घरगुती वस्तू आयुष्यभर जमविल्या, दिवंगत पुत्र राजाचे नाव त्या संग्रहास दिले आणि १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. ज्या वस्तू कुणाच्या माळ्यावर गंजल्या असत्या, त्या आज सर्वांच्या झाल्या आहेत. प्रत्येक जाते संग्रहालयात जाऊ शकत नाही, हे खरे. पण वापरणाऱ्या नातलगाच्या घरी ते जाऊ शकते.

पुनर्विकासाची बोलणी करणाऱ्या गृहनिर्माण संस्थांनी मासिक भाड्याबरोबर सामानाच्या सुरक्षित साठवणुकीचा खर्चही मागावयास हवा. ही मागणी अवाजवी नाही. कुटुंबांनी मात्र त्याआधी घरातील वडीलधाऱ्यांना सोबत बसवून यादी करावी आणि प्रत्येक वस्तू कोणाची, कोठून आली, हे तीत लिहून ठेवावे. खोलीचे भाडे दरमहा भरता येते. ती हकीकत सांगणारे माणूस एकदा गेले, की कोणत्याही भाड्याने ती परत मिळत नाही.