आवडत्या ग्रंथकाराची दुसरी कादंबरी

एखाद्या ग्रंथकाराचें पुस्तक मनांत घर करून बसलें, म्हणजे त्याचें दुसरें पुस्तक आपण परीक्षकाच्या नव्हे, तर आप्ताच्या दृष्टीनें उघडतों. म्हणूनच तें फिकें निघालें तर मन अधिक खट्टू होतें. अशा वेळीं वाचकानें काय करावें, हा प्रश्न विद्यार्थ्यांनीं विचारण्याजोगा आहे.

हरि नारायण आपटे (१८६४-१९१९) यांचेंच उदाहरण घेऊं. त्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांत क्रमशः प्रसिद्ध झाली. तींत यमू आपली कहाणी आपल्याच तोंडानें सांगते. तिचें माहेर, सासर, पतीचा मृत्यु, बळजबरीनें झालेलें केशवपन, हें सर्व आपण तिच्या शेजारीं बसून ऐकत आहों असें वाटतें. हें पुस्तक मिटून जो वाचक १९०३ ची ‘गड आला पण सिंह गेला’ उघडतो, त्याची पुष्कळदां निराशा होते. येथेंही एक दुःखी स्त्री आहे: सती जाण्यास निघालेली व उदेभानाच्या कैदेंत पडलेली कमलकुमारी. परंतु तिचा निश्चय जितका दिसतो, तितकें मन दिसत नाहीं.

हप्त्याहप्त्यानें लिहिण्याची घाई हें याचें कारण म्हणावें, तर यमूची कथाही हप्त्यांनींच लिहिलेली. मला दुसरें कारण अधिक पटतें. यमूचें घर हरिभाऊंच्या डोळ्यांसमोरचें होतें. १६७० चा कोंडाणा त्यांना बखरी व पोवाडे यांतून उभा करावा लागला. तानाजीच्या शौर्यास पोवाडा भरपूर सामग्री पुरवितो. कोंडलेल्या स्त्रीच्या अंतःकरणाविषयीं तो मुका असतो. शिवाय, ग्रंथकारास दुसरी यमू लिहावयाचीच नव्हती, हेंही ध्यानांत घेतलें पाहिजे. तीच वस्तु पुन्हां मागणें हा वाचकाचा हट्ट होय.

तथापि नांवाला भिऊन खोटी स्तुति करूं नये. न आवडलेलें पान कोणतें व कां, हें सांगतां येणें ही वाचनांतील मोठीच प्रगति आहे. पालकांस विनंति इतकीच, कीं मुलानें किंवा मुलीनें नामांकित ग्रंथाविषयीं “मला हें आवडलें नाहीं” असें म्हटल्यास रागावूं नये, “कोठें आवडलें नाहीं?” असें विचारावें. जें मूल मोठ्या नांवापुढें आपलें मत गिळावयास शिकतें, तें पुढें पुस्तकाबाहेरही तसेंच करितें.

मात्र एका निराशेवरून ग्रंथकारास कायमची रजा देऊं नये. सुमारें दहा वर्षांनीं हरिभाऊंनीं ‘वज्राघात’ लिहिली. ती विजयनगरच्या नाशाची, १५६५ च्या तालिकोटच्या लढाईची कथा. तालिकोट तर आपल्या सोलापुराच्या दक्षिणेस, विजापुराच्या पलीकडेच आहे. तींतील मेहेरजानच्या मनांतील प्रेम व सूड यांची ओढाताण वाचली, म्हणजे इतिहासाच्या कथेंतही स्त्रीचें अंतःकरण त्यांनीं उघडून दाखविलें, असें मानावें लागतें. मधल्या पुस्तकावर रुसून बसलेल्या वाचकाच्या हातीं ही कादंबरी कधींच पडत नाहीं. या सुटींत वाचनालयांतून ही तिन्ही पुस्तकें आणून, लिहिलेल्या क्रमानें वाचून पाहावींत.